गांजा कायदेशीर झाला म्हणजे निर्धोक झाला का?

प्रश्न : माझा भाचा वणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, ‘‘मामा, अमेरिका-कॅनडात गांजा कायदेशीर झाला. तिथली कॉलेजची पोरं खुशाल ओढतात, त्यांना काही होत नाही. उत्तरेत सरकारमान्य दुकानात भांग मिळते, अन् आपल्याकडे गांजाला तुरुंग. हा कुठला न्याय?’’ आमच्या भागात अधूनमधून तुरीच्या शेतात गांजाची झाडं सापडल्याची बातमी येते, आरोपी गजाआड जातात. मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. तिकडे कायदा बदलल्यावर विद्यार्थ्यांचं मत आणि वागणं खरोखर बदललं का?
– एक वाचक, झरी जामणी (जि. यवतमाळ)

उत्तर : तुमच्या भाच्याने एका दमात तीन-चार प्रश्न विचारले आहेत आणि त्यांतला एकही फालतू नाही. ‘फार शहाणा झालास’ म्हणून तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत, हे फार बरं केलंत. या वयाच्या मुलांना घरात उत्तर मिळालं नाही की ते खोलीवर मिळतं, आणि तिथे उत्तर देणारा बहुधा त्यांच्याहून एखादंच वर्ष पुढे असतो. तेव्हा गुंता एकेक धागा धरून सोडवू.

आधी परदेशात नेमकं काय कायदेशीर झालं ते पाहू. भाचा कदाचित मॅरिजुआना, कॅनबिस, वीड अशी नावं घेत असेल. वनस्पती तीच, आपली गांजा-भांगेची. देश म्हणून तिच्या वापराला सर्वांत आधी मोकळीक दिली उरुग्वे या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या देशाने, २०१३मध्ये. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८पासून देशभर दिली. अमेरिकेत मात्र आजही राज्यं एकीकडे आणि देशाचा कायदा दुसरीकडे असा प्रकार आहे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२मध्ये कौल दिला, कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ला दुकानं उघडली आणि २०२३ संपेपर्यंत अशा राज्यांची संख्या २४ झाली. पण वॉशिंग्टन शहरात बसणाऱ्या केंद्र सरकारच्या कायद्यात मौजेखातर गांजा बाळगणं हा गुन्हाच राहिला. थायलंडने २०२२मध्ये बंधन उठवलं आणि तीनच वर्षांत, २०२५मध्ये, डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. जग एका दिशेने सरळ चाललं आहे, असं समजू नये.

आता या मोकळिकीच्या अटी पाहा. अमेरिकेतल्या त्या राज्यांत विकत घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे तुमच्या भाच्याएवढा, एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा कोलोरॅडोत दुकानात गेला, तर ओळखपत्र पाहून त्याला परत पाठवतात. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तिथेही कायद्याने गांजा घेऊ शकत नाही, ही गोष्ट आपल्याकडे पोचतच नाही. शिवाय केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कॉलेजांना १९८९च्या एका कायद्याने आवारात अमली पदार्थांना बंदी ठेवावीच लागते. त्यामुळे राज्यात मोकळीक असली तरी वसतिगृहात नाही. कॅनडात वय बहुतेक प्रांतांत १९ आहे, अल्बर्टात १८, आणि क्युबेक प्रांताने ते २०२०पासून वाढवून २१ केलं. पुडकं साधं, एकरंगी, त्यावर पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा आणि लाल अष्टकोनात धोक्याचं चिन्ह. खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात नशेचं द्रव्य १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घालता येत नाही. ज्याला सरकार निर्धोक मानतं, त्याच्या पुडक्यावर ते असा छाप मारत नाही. कॅनडाच्या सरकारने ‘गांजा चांगला’ म्हणून परवानगी दिली नव्हती. बंदी असूनही तरुण मुलं तो घेतच होती, पैसा गुन्हेगारांच्या खिशात जात होता. तेव्हा विक्री आपल्या नजरेखाली आणू, असा तो हिशोब होता.

ज्यांची मुलं पुढे शिकायला अमेरिकेला जाणार आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. व्हिसा आणि परदेशी माणसाचं राहणं हे तिथे केंद्राच्या कायद्याने चालतं. राज्याने मोकळीक दिलेला गांजाही परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा अडचणीत आणू शकतो. ‘हो, मी घेतो’ अशी नुसती कबुलीही तिथे अंगाशी येते. आणि कॅनडातून गांजा घेऊन सीमा ओलांडणं, कुठल्याही दिशेने, हा गुन्हाच आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कायदा सैल झाला आणि त्यामुळे पोरांची भीड चेपली, असं आपण धरून चालतो. घडलं ते बरंचसं उलट क्रमाने. आधी लोकांचं मत बदललं, मग कायदा. अमेरिकेत गॅलप ही संस्था लोकांना या विषयावर फार वर्षांपासून विचारते आहे. १९६९मध्ये गांजाला मोकळीक द्यावी म्हणणारे होते १२ टक्के. २०१३मध्ये ते ५८ टक्के झाले आणि २०२३मध्ये ७०. मिशिगन विद्यापीठ १९७५पासून दरवर्षी बारावीच्या मुलांची पाहणी करतं. त्यात एक प्रश्न असतो : नियमित गांजा घेणाऱ्याला मोठा धोका असतो, असं तुम्हाला वाटतं का? १९९१च्या सुमारास दहापैकी जवळजवळ आठ मुलं ‘हो’ म्हणत. २०१९मध्ये ‘हो’ म्हणणारी जेमतेम तीन उरली. ही घसरण कोलोरॅडोतलं पहिलं दुकान उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

मत का बदललं, याची कारणं गुंतागुंतीची आहेत. कॅलिफोर्नियाने १९९६मध्ये औषध म्हणून वापराला परवानगी दिली, त्यामुळे ‘डॉक्टर देतात ते वाईट कसं?’ हा विचार घरोघर शिरला. आईवडिलांच्या पिढीतल्या अनेकांनी स्वतः तरुणपणी तो ओढलेला होता. पण मला सर्वांत वजनदार वाटतं ते कारण वेगळं आहे. गोरे आणि काळे यांच्यात गांजा घेण्याचं प्रमाण साधारण सारखंच असताना अटक होण्याची शक्यता मात्र काळ्या माणसाची सुमारे पावणेचार पट होती, हे तिथल्या नागरी हक्क संघटनेने २०१३मध्ये आकड्यांनिशी मांडलं. एका पुडीपायी मुलाच्या नावावर गुन्हा नोंदला जायचा आणि नोकरीची वाट कायमची बंद व्हायची. म्हणून मोकळिकीच्या बाजूने मत देणाऱ्यांत असे असंख्य लोक आहेत, ज्यांनी आयुष्यात गांजाला हात लावलेला नाही. गांजा चांगला म्हणून त्यांनी मत दिलं नाही. गांजापायी तुरुंग, हे त्यांना पटत नव्हतं. तुमचा भाचा या दोन गोष्टी एकच समजतो आहे, आणि त्याच्या वयाची बहुतेक मुलं तसंच समजतात.

मत बदललं, पण वागणं? इथे चित्र सरसकट नाही. बारावीपर्यंतच्या मुलांत धोक्याची भीती इतकी कमी होऊनही वापर फारसा वाढला नाही. वर्षभरात एकदा तरी गांजा घेतलेली मुलं बरीच वर्षं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहिली आणि कोविडनंतर त्याहून खाली आली. ‘मोकळीक दिली की शाळकरी पोरं वाहवत जातील’ ही भीती अमेरिकेत आजवर खरी ठरलेली नाही, हे मान्य करायला हवं.

वाढ झाली ती त्याच्या पुढच्या वयात. मिशिगनच्याच पाहणीत, पूर्ण वेळ कॉलेजात असणाऱ्या तरुणांपैकी वर्षभरात गांजा घेतलेले २०१५मध्ये ३८ टक्के होते, २०२०मध्ये ४४. कॉलेजात असोत वा नसोत, १९ ते ३० वयाच्या सगळ्या तरुणांत हे प्रमाण २०११मध्ये २९ टक्के होतं, २०२१मध्ये ४३. मला स्वतःला यातला वेगळाच आकडा अस्वस्थ करतो. महिन्यातून वीस किंवा अधिक दिवस, म्हणजे जवळजवळ रोज, गांजा घेणारे याच दहा वर्षांत ६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेले. एखाद्या पार्टीत झुरका मारणारा आणि सकाळी उठल्यावर चिलीम शोधणारा या दोघांना एकाच रकान्यात मोजून भागत नाही. नुकसानाची मोजणी या दुसऱ्याच्या बाबतीत करायची असते.

पण हे सगळं कायद्यामुळेच झालं का? कायदा नसता बदलला तरी झालं नसतं कशावरून? ऑरेगन राज्याने २०१५मध्ये मोकळीक दिली, तेव्हा संशोधकांनी सात विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची आधीची आणि नंतरची माहिती ताडून पाहिली. एक विद्यापीठ ऑरेगनमधलं, बाकीची मोकळीक न दिलेल्या राज्यांतली. गंमत अशी की सातपैकी सहा विद्यापीठांत वापर वाढलेला होता. वारं सगळीकडेच वाहत होतं. ऑरेगनमध्ये मात्र ते काहींच्या बाबतीत जास्त जोरात वाहिलं : जी मुलं आधीच बेसुमार दारू पीत होती, त्यांच्यात गांजाचा वापर इतर राज्यांतल्या तशाच मुलांपेक्षा अधिक वाढला. दारूपासून दूर असणाऱ्यांत हा फरक दिसला नाही. मोकळिकीने सगळ्यांना सारखं ढकललं नाही, जे आधीच काठावर उभे होते त्यांना ढकललं, असा मी याचा अर्थ लावतो.

अभ्यासावर काय परिणाम होतो, याचं सर्वांत नेमकं उत्तर मात्र अमेरिकेत नव्हे, नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त या सीमेवरच्या शहरात मिळालं. नेदरलँड्समध्ये गांजा पूर्ण कायदेशीर नाही, पण ठरावीक कॅफेंमधून तो विकू देतात. सीमेपलीकडून ग्राहकांची झुंबड उडायला लागली, म्हणून ऑक्टोबर २०११पासून मास्त्रिख्तच्या कॅफेंनी एक नियम लावला : डच, जर्मन आणि बेल्जियन सोडून इतर देशांच्या नागरिकांना प्रवेश नाही. शहरातल्या विद्यापीठात तर अनेक देशांची मुलं एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडे, एकच पेपर देत होती. एका रात्रीत त्यांतल्या काहींना गांजाचं दुकान बंद झालं आणि शेजारच्या बाकावरच्याला उघडं राहिलं. मुद्दाम ठरवूनही कोणाला असा प्रयोग करता आला नसता. ऑलिव्हिए मारी आणि उल्फ झोलिट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मुलांचे हजारो गुण तपासले. ज्यांचं दुकान बंद झालं, त्यांची विषयात उत्तीर्ण होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. सर्वांत जास्त फरक पडला तो आकडेमोडीच्या विषयांत, आणि मुळात अभ्यासात मागे असणाऱ्या मुलांना. ज्याला पोरं ‘काही होत नाही’ म्हणतात, ते मार्कशीटवर दिसत होतं. भाचा बी.एस्सी.ला आहे म्हणता. गणित-भौतिकशास्त्राच्या मुलाने हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

याचं कारण मेंदूत आहे. आपल्या शरीरात गांजातल्या द्रव्यासारखी रसायनं मुळातच अगदी थोड्या प्रमाणात तयार होत असतात आणि त्यांच्यासाठी मेंदूत खास जागा असतात. भूक, वेदना, मनाचा तोल, स्मरण यांचं नियमन त्यांतून चालतं. गांजातलं टीएचसी हे द्रव्य त्याच जागांवर जाऊन बसतं, पण कितीतरी जास्त जोराने. ऐकलेली नवी गोष्ट स्मरणात पक्की करणाऱ्या भागात अशा जागा दाट आहेत. म्हणून नशेत ऐकलेलं व्याख्यान डोक्यात राहत नाही. मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, विशेषतः विचार करून स्वतःला आवरण्याच्या भागाची. त्या काळात रोजची नशा केली तर परिणाम जास्त खोल जातो. ‘गांजाची सवय लागत नाही’ हेही खरं नाही. घेणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक जण त्याच्या आहारी जातो, आणि सुरुवात किशोरवयात झाली असेल तर सहातला एक. ज्यांच्या घरात मनोविकाराचा इतिहास आहे, त्यांना भ्रम आणि संशयाच्या आजाराचा धोका वाढतो, आणि मालातलं टीएचसी जितकं जास्त तितका हा धोका जास्त. आजचा मालही पूर्वीचा नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५मध्ये टीएचसी सरासरी ४ टक्के होतं, २०१४मध्ये १२ टक्के. ‘आमचे आजोबा चिलीम ओढून नव्वद वर्षं जगले’ हे उदाहरण आजच्या मालाला लावता येत नाही.

त्याच वेळी भाच्याला घाबरवण्यासाठी वाढवून सांगू नका. गांजाच्या एका झुरक्याने कोणी वेडा होत नाही, आणि अफू-हेरॉइनसारखा अतिसेवनाने श्वास बंद पडून माणूस दगावण्याचा प्रकार गांजात होत नाही. मुलांना हे ठाऊक असतं. आपण एक गोष्ट फुगवून सांगितली की आपल्या उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टीही ती थट्टेवारी नेतात.

आणखी एक समजूत दूर करायला हवी, ‘सगळेच घेतात’ ही. अमेरिकी कॉलेजांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसून आली आहे : आपले सोबती किती गांजा घेतात याचा विद्यार्थ्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा नेहमी खूप मोठा असतो. घेणारा दिसतो, त्याच्या गोष्टी रंगतात. न घेणारा खोलीत अभ्यास करत बसलेला असतो, त्याची गोष्ट कोण सांगणार? मग घेणाऱ्याला वाटतं आपण चारचौघांसारखे, आणि न घेणाऱ्याला वाटतं आपणच मागे पडलो. वर दिलेला ४४ टक्क्यांचा आकडा उलटा वाचला तर निम्म्याहून अधिक अमेरिकी विद्यार्थ्यांनी वर्षभरात एकदाही गांजा घेतला नव्हता. आपल्याकडे तर चित्र आणखी वेगळं आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक होते २.८ टक्के. त्यांत भांग घेणारे २ टक्के, गांजा-चरसवाले १.२ टक्के. दारू पिणारे होते १४.६ टक्के. हे १० ते ७५ वयाच्या सगळ्यांचे आकडे आहेत, तरुण पुरुषांत प्रमाण जास्त असणार. पण ‘सगळेच’ या शब्दापासून ते फार दूर आहे.

आता भाच्याची तक्रार : भांगेला दुकान आणि गांजाला तुरुंग का?

याचं उत्तर झाडातच आहे. या वनस्पतीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादी झाडाच्या शेंड्याला फुलांचे दाट तुरे येतात. त्यांवर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक केसाळ कण असतात, त्यांतून चिकट राळ पाझरते. तुरा बोटांत चुरला तर बोटं चिकटतात आणि उग्र वास येतो. टीएचसी मुख्यतः या राळेत असतं. वाळवलेला तुरा म्हणजे गांजा, वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस, आणि पानं वाटून केलेली ती भांग. पानांत द्रव्य बरंच कमी असतं. संयुक्त राष्ट्रांचा १९६१चा अमली पदार्थांविषयीचा करार झाला तेव्हा सण-उत्सवांतली भांग भारताला बंद करायची नव्हती. म्हणून तुऱ्यांशिवायची पानं आणि बिया करारातून वगळल्या गेल्या. त्याच करारापायी आपल्याकडे १९८५चा एनडीपीएस कायदा आला, त्याच्या व्याख्येतही तीच सूट आहे. भांगेचं नियमन राज्यांकडे राहिलं. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात परवान्याची दुकानं चालतात. पण महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो. तेव्हा ‘भांग तर कायदेशीर आहे’ हे वाक्य झरी जामणीत जसंच्या तसं चालत नाही.

त्याआधीचा इतिहास भाच्याला आवडेल. १८९३मध्ये ब्रिटिश सरकारने गांजा-भांगेची चौकशी करायला आयोग नेमला. त्याने देशभर फिरून जवळजवळ बाराशे साक्षी घेतल्या आणि १८९४मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. बेताने घेण्यात बहुतेकांना फारसा अपाय होत नाही, अति घेण्यात होतो, बंदी घालू नये पण कर आणि परवाने ठेवावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. कॅनडाने २०१८मध्ये जो विचार केला, तो इथल्या एका सरकारी अहवालात सव्वाशे वर्षं आधी मांडलेला आहे. तेव्हा भाचा ज्या बाजूने बोलतोय ती बाजू अगदीच पोरकट नाही, हे त्याला मोकळेपणी सांगा. कायदा बदलावा असं कोणाला वाटत असेल तर तसं मागण्याचा हक्क त्याला आहेच.

पण बदलत नाही तोवर आहे तो कायदा लागू आहे, आणि त्याविषयी पोरांत एक अतिशय घातक गैरसमज फिरतो : ‘एक किलोपर्यंत चालतं.’ चालत नाही. कायद्यात एक किलोहून कमी गांजाला ‘अल्प प्रमाण’ म्हटलं आहे, ते फक्त शिक्षा ठरवण्यापुरतं. खिशात दहा ग्रॅमची पुडी सापडली तरी गुन्हाच. एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं सेवन केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. एक किलोपासून वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत शिक्षा. वीस किलोहून जास्त असेल तर किमान दहा वर्षं, आणि अशा खटल्यात जामीन मिळणंही महाकठीण. तुरीच्या ओळींत उभं केलेलं झाड ही तर लागवड झाली. तिच्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तूर उंच वाढते, आतलं झाड बांधावरून दिसत नाही, एवढाच त्या जागेचा उपयोग. सापडतो तो शेतात राबणारा. बियाणं देणारा आणि माल उचलणारा बहुतेक वेळा लांबच राहतो.

आपल्या भागातल्या मुलांना शिक्षेहून जास्त महाग पडते ती पुढची गोष्ट. पहाटे मैदानावर धावणारी कितीतरी मुलं पोलीस भरतीच्या, सैन्याच्या तयारीत असतात. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते आणि दाखल गुन्हा लपवता येत नाही. ज्या अन्यायापायी अमेरिकेत लोकमत फिरलं, तोच अन्याय इथे खोलीवरच्या एका पुडीने आपल्या मुलावर ओढवू शकतो. कोलोरॅडोतल्या कायद्याचा दाखला मुकुटबनच्या पोलीस ठाण्यात उपयोगी पडत नाही.

बंदी आणि मोकळीक यांचा विचार करायला तुम्हाला खरं तर अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. वर्धा नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५पासून दारूबंदी झाली आणि २०२१मध्ये ती उठली. अवैध विक्री आणि गुन्हे वाढले, असं कारण सरकारने दिलं. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणारे डॉ. अभय बंग यांनी बंदी उठवण्याला कडाडून विरोध केला. बंदीची नीट अंमलबजावणी करणं हाच उपाय, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या जिल्ह्यातही बाया दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्या आहेत. बंदी घातली की व्यसन शून्यावर येत नाही, आणि दुकान उघडलं की ते पूर्वीइतकंच राहत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. कॅनडात सोळा वर्षांवरच्या लोकांत वर्षभरात गांजा घेतलेले २०१८मध्ये २२ टक्के होते, २०२३मध्ये २६. आभाळ कोसळलं नाही, पण वाढ झाली.

तेव्हा भाच्याला असं सांगा : तिकडे कायदा बदलला, कारण तुरुंगाने होणारं नुकसान गांजाच्या नुकसानापेक्षा मोठं आहे असं तिथल्या लोकांना वाटलं. गांजाचं नुकसान संपलं म्हणून नव्हे. तुझ्या वयाच्या मुलाला तो अमेरिकेतही दुकानातून विकत मिळत नाही. आणि परदेशातही गांजाचं दुकान बंद झालं, तेव्हा मुलांचा अभ्यास सुधारला.

एक गोष्ट मात्र तुमच्यासाठी. मुलाने हा विषय स्वतःहून काढला, याचा अर्थ तो घेतोच असा नाही. पण त्याच्या आसपास कोणी तरी घेत असावं. तो किंवा त्याचा मित्र त्यात अडकला असेल, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची निःशुल्क हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मन अस्वस्थ असेल, भलतेसलते भास होत असतील, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो. दोन्ही क्रमांक भाच्याच्या मोबाइलमध्ये आजच टाकून द्या, आणि त्याच्या खोलीतल्या मुलांनाही द्यायला सांगा.